साइड बीडिंग (जुन्या मोटारीची) : सुटलेली पट्टी पुन्हा बसवणे

मोटारीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या मडगार्डपासून दारांवरून मागच्या मडगार्डपर्यंत जाणारी धातूची, रबराची किंवा प्लॅस्टिकची अरुंद पट्टी म्हणजे साइड बीडिंग. गॅरेजात तिला नुसते बीडिंग किंवा पट्टी म्हणतात. शेजारच्या गाडीचे दार उघडताना बसणारा ठोका अंगावर घेणे, दोन रंगांमधली सीमारेषा झाकणे आणि बाजूचा मोठा पत्रा नजरेला बोजड वाटू न देणे ही तिची कामे. जुन्या गाडीवर ती सुटली की मालकाला ती लगेच चिकटवून टाकायची घाई असते. मात्र पट्टी सुटली तेव्हाच तिच्यामागचा पत्रा कित्येक वर्षांनी उजेडात आलेला असतो. तो आधी पाहणे हा या दुरुस्तीचा मुख्य भाग, आणि पट्टी बसवणे हे त्यानंतरचे, तुलनेने सोपे काम.

अशा पट्ट्यांचा बहर १९५० च्या दशकात आला. अमेरिकी गाड्या तेव्हा दुरंगी रंगवल्या जात आणि दोन रंग जिथे भेटत तिथे चकचकीत पट्टी येई. १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरच्या मागच्या मडगार्डवर तर पाचरीच्या आकाराच्या चौकटीत रेघारेघांचे ॲल्युमिनियमचे पान बसवलेले असे. पुढे चमक ओसरली, काळी प्लॅस्टिकची जाड पट्टी आली आणि शोभेपेक्षा पत्र्याचा बचाव महत्त्वाचा ठरला. १९८० मध्ये थ्रीएम कंपनीने ॲक्रिलिक फोमची ‘व्हीएचबी’ ही दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. अशा टेपांमुळे पत्र्याला भोके न पाडता पट्टी बसवता येऊ लागली.

भारतातल्या जुन्या गाड्यांमध्ये या कामाचा सराव मुंबईच्या कारागिरांनी सर्वांत जास्त केला तो प्रीमियर पद्मिनीवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीचा, इंजिन १,०८९ सीसीचे. पद्मिनी हे नाव १९७० च्या दशकात मिळाले, तरी मुंबईकरांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती दशकानुदशके पावसात भिजली, दाटीवाटीत घासली गेली आणि पुन्हापुन्हा डेंटिंग-पेंटिंगला गेली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची एकही अधिकृत टॅक्सी उरली नाही. आता ज्या पद्मिनी दिसतात त्या हौसेने जपलेल्या आहेत आणि त्यांच्या पट्टीचा, क्लिपांचा प्रश्न त्यांच्या मालकांना रोजचा आहे.

धातूच्या जुन्या पट्टीच्या कडा आत वळवलेल्या असतात आणि पाठ पोकळ असते. त्या खोबणीत क्लिपा अडकतात आणि क्लिपांचे पाय पत्र्यातल्या भोकांत जातात. काही क्लिपा स्प्रिंगच्या पोलादाच्या असून दाबल्या की भोकात फुलतात. काही नायलॉनच्या असतात, उन्हाने कडक होतात आणि काढताना हमखास तुटतात. त्या जुन्याच पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. पट्टीच्या टोकांना बहुधा बोल्ट असतो. त्याचे चपटे डोके खोबणीत सरकवलेले असते आणि नट पत्र्याच्या आतल्या बाजूने लागतो. हा नट खोलायचा तर दाराचे आतले पॅड काढावे लागते. ते न काढता बाहेरून जोर लावला की पट्टी टोकाशी मुरडते, आणि एकदा मुरडलेले पातळ गंजरोधक पोलाद पहिल्यासारखे सरळ होणे फार कठीण. म्हणून उचकटण्याआधी टोके आतून सोडवावीत. मग प्लॅस्टिकची चपटी पहार प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ घालून, पत्र्यावर मास्किंग टेप लावून, एकेक क्लिप सोडवत जावे. पट्टी निघण्यापूर्वीच तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला मास्किंग टेपची रेघ ओढून ठेवली तर परत बसवताना मोजमापाचा निम्मा त्रास वाचतो.

पट्टी निघाली की भोकांभोवतीचा भाग तपासायचा. क्लिपने रंग खरवडलेला असतो, पट्टीच्या पोकळीत धूळ साचून ओली राहिलेली असते आणि उघड्या पोलादाला गंज लागलेला असतो. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक लवकर झिजतो. गंजरोधक पोलादाच्या पट्टीशी साधा पत्रा टेकला तर पत्रा गंजतो. ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर बहुधा तीच पांढरी भुकटी होऊन खचते. खारट हवेत हे अधिक वेगाने होते, त्यामुळे मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांची पट्टीमागची अवस्था घाटावरच्या गाड्यांपेक्षा वाईट असणे स्वाभाविक आहे. धातूला धातू टेकू न देणारे रबर किंवा नायलॉनचे वॉशर म्हणूनच महत्त्वाचे. हरवले तर ते पुन्हा घालावेतच.

गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा. खोलगट डागांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावावे, ते निष्क्रिय झाल्यावर धुऊन कोरडे करावे, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. भोक इतके मोठे झाले असेल की क्लिप धरत नाही, तर जाड क्लिप ठोकून बसवण्यापेक्षा छोटा तुकडा वेल्ड करून नवे भोक पाडणे योग्य. ड्रिल चालवण्यापूर्वी दाराची काच पूर्ण वर चढवावी, म्हणजे ती ड्रिलच्या वाटेत येत नाही. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची मर्यादा घालावी. दारात पडलेला धातूचा कीस लोहचुंबकाने वेचून काढावा, नाहीतर पहिल्याच पावसात तो गंजून दाराच्या खालून तांबूस ओघळ येतात. क्लिप बसवताना भोकाच्या कडेला ब्युटिल सीलंट लावावे आणि आतून मेणासारखे गंजरोधक फवारावे. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या फटी या फवाऱ्याने किंवा सीलंटने बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी. काचेच्या कडेने आत उतरणारे पाणी त्याच वाटेने बाहेर पडते.

रस्त्याकडेच्या दुरुस्तीत दोन गोष्टी वारंवार दिसतात आणि दोन्ही नुकसान करतात. पहिली म्हणजे पट्टीच्या दर्शनी भागातून थेट पत्र्यात फिरवलेला स्क्रू. त्याने पट्टीही जाते आणि गंजाला नवे दारही मिळते. दुसरी म्हणजे सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते उघड्या पोलादाला गंज चढवते. शिवाय सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की त्यावर रंग मारताना गोल खड्डे पडतात, म्हणून पेंटर त्याचे नाव काढले तरी वैतागतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

टेपने बसणाऱ्या पट्टीची गोष्ट निराळी. जुनी टेप हेअर ड्रायरने कोमट करून तंगुसाने करवतीसारखी कापत काढावी. चिकटपणा रबरी चाकाने किंवा रॉकेलने निघतो. जुन्या भारतीय गाड्यांवर पुष्कळदा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ड्युकोचा, रंग असतो. थिनर लावला तर चिकटपणाबरोबर तो रंगही विरघळतो, त्यामुळे आधी दाराच्या आतल्या कडेला थेंबभर लावून पाहिल्याशिवाय कोणतेही द्रावण वापरू नये. रॉकेलचा तेलकटपणा आणि पॉलिशचे मेण राहिले तर नवी टेप धरणार नाही; शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, स्वच्छ फडक्याने द्यावा. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीला टेप मुळातच नीट धरत नाही, तिला आधी टेपचा खास प्रायमर लागतो. गाडी नुकतीच रंगवली असेल तर काही आठवडे थांबावे.

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद किंवा कडक होणारा इपॉक्सी इथे टिकत नाही, याचे कारण उष्णता. १ मीटर लांबीची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ४ मिमी वाढते, ॲल्युमिनियमची सुमारे ०.९ मिमी, आणि मागचा पोलादी पत्रा मात्र अर्धा मिमीच. फोमची टेप ही ओढाताण आपल्या जाडीत सामावून घेते. कडक गोंद तडकतो, नाहीतर पट्टी कमान करून मधून उठते. याच कारणाने दोन पट्ट्यांच्या टोकांत, विशेषतः दाराच्या सांध्याशी, फट ठेवावी लागते. ती बुजवली तर दार उघडताना पट्टी शेजारच्या मडगार्डला घासते.

टेप लावण्यासाठी पत्रा २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावा. महाराष्ट्रात हे बहुतेक महिने सहज मिळते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या फार वर जातो, आणि निफाडच्या थंडीत सकाळी तो १० अंशांखालीही उतरू शकतो. सावलीत, पत्रा कोरडा असताना काम करावे. पावसाळ्यातल्या दमट दिवशी तर त्यावर बाष्प नाही ना हे हात फिरवून पाहावे. पट्टीच्या दोन्ही टोकांचा संरक्षक कागद पाच-पाच सेंटिमीटर सोलून बाहेर दुमडावा, पट्टी मास्किंग टेपच्या रेघेवर टेकवावी, तीन-चार मीटर मागे जाऊन गाडीच्या लांबीवरून नजर टाकावी आणि रेघ सरळ वाटली तरच बाकीचा कागद ओढून काढावा. पट्टी आधी पूर्ण सोललेली असेल तर ही दुरुस्तीची संधी उरत नाही. मग रबरी रोलरने टोकापासून टोकापर्यंत जोरात दाबावे, कारण अशी टेप दाबानेच धरते. खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत तिची सुमारे निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. तोवर गाडी धुवू नये.

मूळ पट्टीच हरवली असेल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे शोध घेता येतो. ठोके बसलेली गंजरोधक पोलादाची पट्टी आतल्या बाजूने लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकून, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घासून आणि बफवर चढवून पुष्कळशी सावरते. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमला मात्र घासू नये. वरचा संरक्षक थर गेला की ते मळकट पडते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशा गाडीवर क्लिपांची पट्टी क्लिपांनीच बसवावी आणि मूळ भोके बुजवू नयेत.