सातबारा कोणाच्या नावे?

पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाला नव्या मुलखात पाय रोवण्यास जमीन लागते आणि घर उभे करण्यास सहचारिणी. कायद्याने या दोन्ही वाटा अडविल्या म्हणजे काय घडते, याचे उद्बोधक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आढळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील शेतकरी, बहुतांशी शीख, तेथे गेले. इंपीरियल खोऱ्यात त्यांनी कापूस पिकविला. परंतु १९१३ च्या राज्य कायद्याने नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन खरेदी करण्यास मनाई झाली. १९१७ च्या कायद्यामुळे गावाकडील पत्नीस आणणे जवळजवळ अशक्य झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले.

या कोंडीत अनेकांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले. अशा विवाहाने स्त्रीचीही हानी होई. १९२२ च्या कायद्यानुसार अपात्र परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावीत असे. हे कलम १९३१ मध्ये रद्द झाले. मुले मात्र जन्मानेच नागरिक. म्हणून काहींनी जमीन मुलांच्या नावे केली. पाळण्यातील बाळ कागदोपत्री मालक आणि घाम गाळणारा बाप केवळ व्यवस्थापक!

घरात रोटी आणि तोर्तिया शेजारी नांदल्या. मुले आईची स्पॅनिश बोलत, चर्चमध्ये जात; नावापुढे मात्र ‘सिंग’ राही. काही संसार सुखाचे झाले, घटस्फोटही पुष्कळ झाले.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. त्यासाठी झटणारे दलीपसिंग सौंद याच खोऱ्यातील शेतकरी. त्यांच्या पत्नी मॅरियन चेक वंशाच्या. १९५६ मध्ये ते अमेरिकन संसदेवर निवडून आले. पुढे १९६५ नंतर पंजाबातून सहकुटुंब आलेल्यांना ही मिश्र घराणी मात्र परकी वाटू लागली.

खतावणीच्या भाषेत सांगायचे, तर जमेस शेती, घर आणि नागरिक संतती. नावे बाजूस भाषा व आप्तांचा दुरावा. परंतु हा हिशेब मांडताना एक नोंद विसरता कामा नये. ज्या स्त्रियांनी आपले नागरिकत्व पणाला लावून परक्या पुरुषाचा संसार उभारला, त्यांच्या भांडवलावरच ही पेढी उभी राहिली.