मीठ आणि पितळ: भंडाऱ्याच्या भांड्यापासून ट्रकच्या रेडिएटरपर्यंत

१/ थ्रेड. भंडाऱ्यात बर्फ पडत नाही. त्यामुळे थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते अवजड ट्रकांचे रेडिएटर कुरतडते, ही गोष्ट इथे परकी वाटेल. मात्र तिच्या मुळाशी धातू आणि मीठ यांचे जुने वैर आहे, आणि त्या वैराची ओळख करून घेण्यास भंडाऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

२/ सुरुवात नावापासून. इंग्रजी अमदानीतील इम्पीरियल गॅझेटियर सांगते की, पितळकाम हा या गावाचा मुख्य उद्योग असून ‘भाणा’ म्हणजे पितळी ताट यावरून भंडारा हे नाव पडले, असे लोक मानतात. दुसऱ्या मताप्रमाणे रतनपूरच्या सुमारे इ.स. ११०० च्या शिलालेखातील ‘भाणारा’ हेच आजचे भंडारा. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, गावाची ओळख पितळेनेच घडली.

३/ पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो ठोकून वाकतो, चकाकतो, उष्णता वाहून नेतो. मात्र आंबट आणि खारट यांच्याशी त्याचे जमत नाही. पितळी भांड्यात ताक राहिले की ते कळकते. या एका अनुभवासाठी मराठीने ‘कळकणे’ हे स्वतंत्र क्रियापद घडवले आणि भांड्यावर चढणाऱ्या हिरव्या थराला ‘कळंक’ म्हटले. प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी स्वयंपाकघराने ही अभिक्रिया टिपून ठेवली होती.

४/ उपायही तिथेच सापडला: कल्हई. भांडे भट्टीवर तापवायचे, आत नवसागर भुरभुरायचा, कथील टेकवायचे आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचे. मौज अशी की, नवसागर हाही एक क्षारच आहे. तापल्यावर तो धातूवरचा मळ खाऊन टाकतो, म्हणून कथील घट्ट धरते. क्षाराच्याच मदतीने क्षाराविरुद्ध भिंत उभी राहते. ही भिंत कायमची नव्हे. कल्हई झिजते आणि भांडे पुन्हा भट्टीवर जाते.

५/ आता मीठ. वैनगंगेच्या खोऱ्याला समुद्र नाही. रेल्वे येण्यापूर्वी मध्य भारतात मीठ येई ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर. किनाऱ्याकडून मीठ आत येई आणि आतले धान्य बाहेर जाई. शेकडो कोसांची पायपीट त्या किमतीत मिसळलेली असे. मीठ सांडणे अशुभ का मानले जात असावे, हे अशा प्रदेशात सहज उमगते.

६/ त्यात सरकारी कर. इंग्रजांनी मिठाची चोरटी ने-आण रोखण्यासाठी अंतर्गत जकात रेषा आखली. १८६९ पर्यंत ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहारा देत. तिचा मोठा भाग म्हणजे काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण होते. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा उठली, कर मात्र राहिला. १९३० साली देश मिठासाठीच सत्याग्रहात उतरला.

७/ आणि त्याच दशकात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मीठ रस्त्यावर ओतण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये हा प्रयोग केला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते राज्याचे धोरण बनवले. कारण साधे आहे. शून्य अंशाला पाणी गोठते, पण सुमारे २३ टक्के मिठाचे द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहते. बर्फ वितळतो आणि वाहतूक चालू राहते. आज अमेरिकेत दरवर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडते.

८/ या रस्त्यांवरून जाणाऱ्या ट्रकच्या तोंडाशीच असतो रेडिएटर. १९०० साली विल्हेल्म मायबाख याने पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकमेकींना डाखलेल्या होत्या. तत्त्व असे की, थोड्या पाण्याला हवेचा पुष्कळ पृष्ठभाग द्यायचा. पुढे विसाव्या शतकाचा बराच काळ रेडिएटर म्हणजे पितळेच्या नळ्या, त्यांवर तांब्याच्या पातळ पात्या आणि जोडाला शिसे-कथिलाचा डाख. कल्हईवाल्याच्या पेटीतले जवळजवळ सगळे धातू तिथे एकत्र नांदत होते.

९/ म्हणजेच जुने वैरी पुन्हा समोरासमोर आले. पुढच्या वाहनाच्या चाकांनी उडवलेले खारे पाणी थेट पात्यांवर बसते. मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते. पितळेतून जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. पात्या हिरव्या पडून बोटाच्या स्पर्शाने चुरतात. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्याने जोडले की छोटी विद्युत्‌घट तयार होते आणि त्यातला एक झिजत जातो.

१०/ १९७० च्या दशकापासून हलके ॲल्युमिनियम पितळेची जागा घेऊ लागले. शत्रू मात्र तोच राहिला. ॲल्युमिनियमवर क्लोराइड सर्वत्र सारखे पसरत नाही, एकाच ठिकाणी सुईसारखे खोल शिरते. शिवाय अधिक थंडीसाठी वापरले जाणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे धातू ओला राहतो आणि झीज बर्फ सरल्यावरही थांबत नाही.

११/ परिणाम काय? पात्या गेल्या की उष्णता बाहेर जात नाही. घाटात चढणीवर काटा लाल रेषेकडे सरकतो. नळीला छिद्र पडले तर पाणीच संपते. अति तापलेल्या इंजिनाचे हेड वाकते, गॅसकेट उडते आणि एका ट्रकवर संसार चालवणाऱ्याचे कित्येक महिन्यांचे उत्पन्न गॅरेजात जाते.

१२/ मानवाने मिठाविरुद्ध तीन उपाय शोधले. पहिला आड घालण्याचा, म्हणजे कल्हईचा. आजच्या रेडिएटरवरचा इपॉक्सी लेप हे त्याच कल्पनेचे रूप. त्याची मर्यादाही तीच आहे. लेप जाड केला तर उष्णता अडते, आणि एकदा ओरखडा पडला की मीठ नेमके तिथून शिरते.

१३/ दुसरा उपाय बळीचा. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे समुद्रापासून वाचवण्यासाठी त्यांना लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. पण विरघळणारे तांबेच शिंपल्या-शेवाळांना दूर ठेवत होते. तांबे सुरक्षित होताच जहाजांच्या तळाशी त्यांची गर्दी झाली, वेग मंदावला आणि नौदलाने तो नाद सोडला.

१४/ डेव्हीचे तत्त्व मात्र टिकले. ॲल्युमिनियमच्या अनेक रेडिएटरांत पात्यांच्या मिश्रधातूत मुद्दाम जस्त घालतात, म्हणजे आधी पाती झिजावी आणि पाणी धरणारी नळी वाचावी. काही नळ्यांच्या बाहेरच्या अंगावरही जस्ताचा थर देतात. पाती गेली तर गाडी थोडी तापेल, नळी गेली तर उभी राहील. काय गमावायचे हे आधी ठरवून ठेवणे, हेच या युक्तीचे मर्म.

१५/ तिसरा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त: धुणे. आंबट-खारट खाऊन झाले की पितळी भांडे चिंचेने घासून लगेच स्वच्छ पाण्याने विसळायचे, कारण ज्या आंबटाने कळंक निघतो ते राहिले तर तेच भांडे खाते. ट्रकलाही हाच नियम लागू आहे. फक्त धुण्याची रीत माहीत हवी.

१६/ इंजिन पूर्ण थंड झाल्यावर साध्या, मंद धारेने धुवावे. धार इंजिनाच्या बाजूकडून बाहेर सोडावी, म्हणजे समोरून शिरलेला क्षार आल्या वाटेने निघतो. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो. त्या दोघांच्या फटीत अडकलेला खारा चिखल वरून दिसत नाही, पण सर्वाधिक नुकसान तोच करतो. मोसम संपताना एकदा नीट धुणे तर अटळच.

१७/ क्षार आतूनही येतो. बोअरवेलचे किंवा हातपंपाचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आढळते. त्यातले चुन्याचे क्षार नळीत पुटे धरतात आणि क्लोराइड आतून धातू कुरतडते. म्हणून क्षारविरहित पाणी आणि गंजरोधक मिसळलेले कूलंट वापरायचे. ज्या मिठाला बाहेर अडवले, त्याला झाकण उघडून आत घेण्यात अर्थ नाही.

१८/ आता पुन्हा भंडारा. १९८२ साली अशोक लेलँडचा कारखाना या जिल्ह्यात आला आणि पितळी भांड्यांच्या गावाचे नाते अवजड वाहनांशी जुळले. गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ पश्चिमेस हजिरा आणि पूर्वेस पारादीप या बंदरांना जोडतो. म्हणजे या रस्त्याची दोन्ही टोके समुद्रावर आहेत. इथे बर्फ नाही, पण बंदरावर उभा राहिलेला ट्रक खारी हवा अंगावर घेऊनच परततो. वर धानाच्या हंगामातले तूस आणि धूळ पात्यांत बसते आणि तो ओलसर क्षार धरून ठेवते.

१९/ स्टीलच्या भांड्यांनी पितळेला मागे सारले आणि कल्हईची हाळीही क्वचितच कानी येते. एक व्यवसाय मावळला की त्याच्याबरोबर धातू ओळखणारी नजरही जाते. कोणते भांडे कळकेल, थर कुठे उडाला, पुन्हा भट्टी कधी लावायची, हे कारागीर पाहताक्षणी सांगत असे. ट्रकच्या पात्यांवरचा हिरवा वा पांढरा डाग वेळीच ओळखणारी नजर ही त्याच जातीची आहे. ती पुस्तकातून येत नाही, हाताखाली शिकूनच येते.

२०/ म्हणून एक विनंती. आपल्या घरी वा गावी जुने कल्हईकाम, पितळकाम किंवा रेडिएटर डाखण्याचे काम करणारे कोणी असतील, तर त्यांचे शब्द, हत्यारांची नावे आणि कामाची रीत लिहून ठेवा. शिलालेख शेकडो वर्षे थांबतात, माणसे थांबत नाहीत. आपल्या भागात ‘कळकणे’ला दुसरा शब्द असेल तर खाली जरूर सांगा.