मद्यपी पालक आणि बालकाची सुरक्षितता : मुंबई इलाख्याच्या संदर्भात

ब्रिटिश राजवटीत मद्य हे सरकारी उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्रीवरील सरकारी नियंत्रण घट्ट केले. या धोरणाची झळ कुटुंबांना बसते, हे महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य या नात्याने त्यांनी १८८० मध्ये दारू-दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला.

१९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराच्या व्यसनाला पत्नी सिंधूबरोबरच तान्हे मूलही बळी पडते. तथापि सिंधूच्या पातिव्रत्याच्या चर्चेत हे मूल झाकोळले जाते.

इंग्लंडमधील १९०८ च्या बालक कायद्याने पालकाची मद्यासक्ती हे मुलाला न्यायालयापुढे आणण्याचे एक कारण मानले. मुंबई इलाख्यात बालकांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ मध्ये झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संगोपनास अयोग्य वा असमर्थ ठरलेल्या पालकाचे मूल संरक्षणास पात्र असते.

मात्र कायदा हस्तक्षेप करतो तो हानी झाल्यानंतर. फुले यांचा आक्षेप तिच्या उगमाविषयी होता. म्हणून बालसंरक्षणाचा विचार अबकारी धोरणापासून वेगळा करता येत नाही.