लिंक्डइनवरील शिफारस म्हणजे काय?

लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायासाठीचे समाजमाध्यम २००३ मध्ये सुरू झाले. तिथे संपर्कातील लोक कामाची पावती दोन प्रकारे देतात. २०१२ मध्ये आलेल्या 'एन्डोर्समेंट'ला एक क्लिक पुरते. प्रत्यक्ष काम न पाहिलेली व्यक्तीही ती देऊ शकते. 'रेकमेंडेशन' म्हणजे सहकाऱ्याने किंवा ग्राहकाने स्वतःच्या नावाने लिहिलेली शिफारस. ती मिळणाऱ्याने मंजुरी दिल्यावरच प्रोफाइलवर दिसते. लिहिणाऱ्याला ती मागेही घेता येते.

'मेहनती, प्रामाणिक' ही विशेषणे कुणालाही लागू पडतात. म्हणून शिफारस मागताना एकत्र केलेल्या एखाद्या ठरावीक कामाची आठवण करून द्यावी.

२०१४ पासून सर्वसामान्य सदस्यांनाही तिथे मोठे लेख लिहिण्याची सोय मिळू लागली. लेखातून विषयाची जाण दिसते, तर शिफारशीतून माणूस कामाला कसा आहे ते कळते.