असीरचा बाज

इस्लामी नाण्यावर प्राण्याचे चित्र असते का? वर्गात इतिहास शिकवताना हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. खलीफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७ मध्ये दीनारावरून चित्र काढून केवळ कलिमा व आयती ठेवल्या, हे मुलांना ठाऊक असते. पण त्याचे दुसरे उत्तर थेट आमच्या खानदेशातच आहे.

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला असीरगड आहे. आज तो मध्य प्रदेशात असला तरी फारूकी काळात तो खानदेशचा प्राण होता. जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला आणि लगेच तेथे सोन्याची मोहोर पाडली गेली. एका बाजूला वेलबुट्टीत बसलेला बाज. दुसऱ्या बाजूला ‘अल्लाहु अकबर’, जर्ब असीर, इस्फंदारमुज महिना, इलाही सन ४५. इक्बालांमुळे आमची मुले शाहीनला ओळखतात, म्हणून चित्र दाखवताच त्यांचे डोळे चमकतात. हे नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे जहांगीरने मोहरांवर मेंढा, बैल, सिंह अशा राशीही आणल्या.

बाज म्हणजे झडप. पण असीर झडप घालून पडला का? अबुल फजल किल्ल्यातील रोगराईला कारण मानतो. छावणीत हजर असलेल्या येशूसंघी पाद्र्यांची हकीकत वेगळी आहे: बहादूरखान फारूकी शपथेवर विश्वासून खाली आला, त्याला अडकवून ठेवले आणि आतल्या सरदारांना सोने-चांदी वाटून दरवाजे उघडवले. कोण खरे, यावर इतिहासकार आजही भांडतात. आम्हाला पाद्र्यांचे म्हणणे अधिक पटते. महिनोन्‌महिने वेढा घालूनही दाद न देणारा गड होता तो. बहादूरखान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचे ‘दानदेश’ झाले. ते नाव मात्र टिकले नाही.

पुस्तकात छापायला बाजाची मोहोर सोयीची. फारूकींची नाणी तांब्याची, तीही थोडीच. त्यांनी दोनशे वर्षे राज्य केले. रजा अलीखानाने बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. त्याच मशिदीत पुढे अकबराच्या विजयाचाही फारसी लेख आला!

धुळे जिल्ह्यात तापीकाठी, थाळनेरला, पहिल्या फारूकींच्या कबरी आहेत. मलिक राजाचा इंतकाल १३९९चा. सहल निघाली की आम्ही मुलांना आधी तिथे नेतो; असीरगड त्यानंतर.