आभाळातील वाटा

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालात की वाटेत मार्गासनीचा फाटा लागतो. एक रस्ता वेल्ह्याला जातो, दुसरा साखरवरून राजगडाच्या पायथ्याशी. पूर्वी अरुंद वाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर एक गाडीवान बैल बाजूला घेऊन थांबे. विमानाला मात्र हवेत थांबता येत नाही. मग आभाळात वाट द्यायची कशी?

तेथे वाट देतात ती उंचीने. एकाने 14,000 फुटांवर राहायचे, दुसऱ्याने 15,000 फुटांवर. मध्ये 1,000 फुटांची मोकळी हवा. विमानतळाजवळ हे फार जपावे लागते, कारण तेथे काही विमाने चढत असतात, काही उतरत असतात.

12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग 747 वर चढत होते. त्यात आखाती देशांत पोटासाठी निघालेले पुष्कळ भारतीय होते. समोरून कझाकस्तानचे विमान उतरत होते. पहिल्याला 14,000 फुटांची आज्ञा होती, दुसऱ्याला 15,000 ची. ‘15,000 वर आलो’ असे कझाक विमानातून कळवलेही गेले. पण विमान तेथे थांबले नाही, उतरतच राहिले. हरियाणातील चरखी दादरीच्या वर, म्हणजे आपल्या राजगडाच्या सुमारे तिप्पट उंचीवर, दोन्ही विमाने आदळली. अवशेष शेतांत पडले. 349 माणसे गेली. एकही वाचले नाही.

असे का व्हावे? न्यायमूर्ती लाहोटी यांनी चौकशी केली. कझाक वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. आज्ञेचा अर्थ त्यांना नीट लागला नाही. शिवाय येण्याजाण्याचा हवाईमार्ग तेव्हा एकच होता. आणि दिल्लीच्या रडारवर विमान कोठे आहे ते दिसे, पण किती उंच आहे ते दिसत नसे. नियंत्रकाची सारी भिस्त बिनतारी यंत्रावर ऐकलेल्या आकड्यावर! आकडा बरोबर होता, विमान भलतीकडे होते.

पुढे येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले. विमानातच धोका ओळखणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. दोन विमानांतील ही यंत्रे परस्परांशी बोलतात. एक म्हणते ‘वर जा’, दुसरे म्हणते ‘खाली या’.

तरी यंत्र आले म्हणजे सगळे भागले, असे नाही बरं का. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर एका वैमानिकाला यंत्र सांगत होते वर जा, नियंत्रक सांगत होता खाली या. त्याने नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमानही यंत्राच्या आज्ञेने खालीच येत होते. 71 जीव गेले. त्यानंतर नियम स्पष्ट झाला: अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात मूल ‘हो, कळलं’ म्हणतं, तेवढ्यावर तुम्ही पुढे जात नाही. पाटीवर काय लिहिलं ते वाकून पाहता. चरखी दादरीच्या आकाशात त्या दिवशी ती पाटी पाहण्याची सोय नव्हती.