मोटारीचें दुखणें व मालकाचें ज्ञान

आमच्या वडिलांच्या मागें त्यांच्या कपाटांतून ज्या वस्तु निघाल्या, त्यांत निळ्या पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही होती. तिच्यावर 'मोटार' एवढा एकच शब्द लिहिलेला आहे. १९७९ सालीं त्यांनीं एक जुनी फियाट विकत घेतली व १९९६ सालीं ती विकली. मधल्या सतरा वर्षांत त्या गाडीस जें जें दुखणें झालें त्याची तारीखवार नोंद या वहींत सांपडते. 'पॉइंट घासले, गाडी सुरू.' 'जेटमध्यें कचरा. फुंकून साफ केलें.' 'मिसिंग करते. तिसऱ्या प्लगाची वायर.' नोंदी बहुतेक अशाच आहेत. इतिहासाचा व्यवसाय करणाराच्या हातीं जुना कागद आला, कीं तो त्यांत प्रथम राजकारण शोधतो आणि तें न मिळाल्यास कागद बाजूस सारतो. आम्हींहि आरंभीं तसेंच केलें. परंतु ज्या भाषेंत राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, त्या भाषेच्या अभ्यासकानें घरचें दप्तर तरी न वाचतां टाकूं नये, असें वाटून वही पुनः उघडली. त्या वाचनांतून जें सुचलें तें येथें मांडीत आहों.

आमचे वडील येथील न्यायालयांत वकिली करीत. वहींत शहराचें नांव अर्थात् औरंगाबाद असें आहे. छत्रपति संभाजीनगर हें नांव २०२३ सालीं आलें. वकिली करणाऱ्या माणसास कार्ब्युरेटरचें जेट फुंकण्याची विद्या कां शिकावी लागली, हा पहिला प्रश्न. आणि त्याचें उत्तर वहींत नसून देशाच्या उद्योगाच्या इतिहासांत आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईस मोटारी जोडण्याचें काम चालविलें होतें, पण ती केवळ जोडणी होती. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली व १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें १९५३ च्या सुमारास सरकारचें धोरण ठरलें, कीं जो कारखानदार भाग येथेंच तयार करण्याचें अंगावर घेणार नाहीं त्यास येथें जोडणीहि करतां येणार नाहीं. परदेशी कंपन्या निघून गेल्या. मध्यमवर्गीय कुटुंबास निवडण्याजोग्या तीनच गाड्या उरल्या: कुर्ल्याची फियाट, बंगाल्यांतील उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. १९५९ सालीं मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रण आलें, १९६९ सालीं किंमतीहि सरकारनें बांधून दिल्या, आणि त्या किंमतींचा वाद १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाडीसाठीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहणें हा त्या काळचा नित्याचा अनुभव होता.

हें धोरण सर्वस्वी चुकीचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. सुटे भाग देशांत बनूं लागले, आणि पुढें पुणें-औरंगाबादकडे जे कारखाने उभे राहिले त्यांचा पाया कांहीं अंशीं याच काळांत घातला गेला. परंतु गिऱ्हाईक दाराशीं रांग लावून उभें असतां माल सुधारण्याची घाई कोणास असणार? अँबॅसडर १९५७-५८ च्या सुमारास निघाली आणि २०१४ सालीं थांबली; एवढ्या अवधींत तिचा चेहरामोहरा फारसा बदलला नाहीं. ज्या उणिवा कारखान्यांत दूर व्हावयाच्या, त्या मालकाच्या अंगणांत दूर होऊं लागल्या. मराठवाड्यांत ही अडचण दुप्पट होती. मुंबईहून एखादा भाग रेल्वेनें यावयाचा, तर त्यास मनमाडला मोठ्या रुळांवरून उतरून मीटरगेजच्या लहान रुळांवर चढावें लागे. तोंवर गाडी उभी.

अशा स्थितींत मालकानें जी विद्या कमावली तिचें खरें स्वरूप काय होतें, हें पाहण्याजोगें आहे. वहींतील एक नोंद मे १९८२ ची आहे, व त्या प्रसंगीं आम्हीहि गाडींत होतों. चाळीसगांवाहून परत येतांना औट्रम घाट चढत असतां गाडीनें प्रथम आचके दिले व मग ती बंद पडली. दुपारचे दोन वाजले होते. घाटाचा कातळ तापून लाल झाला होता. वडिलांनीं बॉनेट उघडलें, पण हात कशालाच लावला नाहीं. कांहीं वेळ नुसते पाहत राहिले. मग एका प्लगाची वायर काढून तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलें व आईस सेल्फ मारण्यास सांगितलें. निळी ठिणगी उडाली. 'करंट आहे,' ते म्हणाले. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेंत. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून पाहिली, तों थेंबहि येईना. आणि टांकी तर चाळीसगांवांत भरलेली! तेव्हां त्यांनीं पिण्याच्या पाण्यांत टॉवेल भिजवून इंजिनाच्या अंगास बसविलेल्या पेट्रोलपंपाभोंवतीं गुंडाळला व आम्हां सर्वांस झाडाच्या सांवलींत बसविलें. वीस मिनिटांनीं गाडी सुरू झाली. तापलेल्या नळींत पेट्रोलची वाफ होते, वाफेनें पंपाचा ओढा तुटतो, आणि थंड केल्यावर वाफेचें पुनः पेट्रोल होतें, असें त्यामागील शास्त्र आहे. वहींत एवढेंच: 'औट्रम. हवा धरली. ओला टॉवेल.'

आमच्या प्राचीन तर्कशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक अशा दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. अमुक असतां तमुक असतें, आणि अमुक नसतां तमुकहि नसतें, असें पाहून कारण ठरवावयाचें. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत याच मार्गाची युरोपीय मांडणी केली, आणि कॉलेजांत आम्हीं ती परीक्षेपुरती पाठहि केली. परंतु ती चालतांना पाहिली ती प्रथम त्या घाटांत. ठिणगी आहे म्हणून डेल्को निर्दोष, टांकी भरलेली म्हणून टांकी निर्दोष, नळी कोरडी म्हणून दोष दोहोंच्या मध्यें: एकेक आरोपी सोडीत जाऊन शेवटीं एकावर बोट ठेवावयाचें. धुरावरून अग्नीचें अनुमान करणें हें तर नैयायिकांचें ठरलेलें उदाहरण. मोटारमालक त्याच्याहि पुढें जाऊन धुराचा रंग पाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातें, निळा म्हणजे इंजिनांतील तेल जळतें, आणि गरम झालेल्या गाडींतून पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आंत शिरतें.

घरगुती औषधेंहि बरींच होतीं व त्यांतलीं कांहीं थेट स्वयंपाकघरांतून येत. रेडिएटर गळूं लागला कीं त्यांत हळदीची पूड टाकीत. ती भोकाशीं जाऊन बसे व गळती थांबे. पेट्रोलच्या टांकीस बारीक छिद्र पडल्यास कपडे धुण्याचा साबण ओला करून तेथें दाबीत, कारण साबण पेट्रोलांत विरघळत नाहीं. डेल्कोंतील पॉइंटांवर काजळी धरली कीं पॉलिश कागदानें घासावयाचे आणि गेज जवळ नसल्यास जाड कार्डाच्या कपट्यानें अंतर जुळवावयाचें. बॅटरी उतरली असतां शेजारच्या मुलांनीं धक्का द्यावा व दुसऱ्या गिअरमध्यें क्लच सोडावा, हा तर गल्लींतला सार्वजनिक कार्यक्रमच होता.

हें वर्णन वाचून कोणी जुन्या काळासाठीं उसासे टाकूं लागेल, म्हणून दुसरी बाजूहि नोंदविणें अवश्य आहे. हळदीनें गळती थांबे खरी, पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सांचून पुढच्या उन्हाळ्यांत गाडी दुप्पट गरम होई. आमच्या वहींतच १९८५ च्या मार्चांत हळद आणि १९८६ च्या एप्रिलांत 'रेडिएटर खोलून साफ' अशा दोन नोंदी आहेत, आणि वडिलांनीं त्यांचा संबंध जोडलेला दिसत नाहीं. शिवाय हें सारें ज्ञान मालकाचें स्वतःचें होतें, असें म्हणणें हा कृतघ्नपणा होईल. तें आलें गॅरेजांतल्या उस्तादांकडून. आमच्या शहरांतले जुने उस्ताद दखनी बोलत, आणि मोटारीच्या अवयवांचीं आमचीं नांवें त्यांच्याच तोंडचीं. एका अमेरिकन कंपनीच्या नांवावरून विजेच्या वाटपपेटीचा 'डेल्को' झाला, सुरू करणाऱ्या मोटरचा 'सेल्फ' झाला. वकीलसाहेब तर्क करीत आणि गाडीखालीं अंगावर तेल घेत निजत तो उस्तादाचा दहा वर्षांचा पोऱ्या. वहींत त्याचें नांव कोठेंहि नाहीं. 'पोऱ्यास दोन रुपये' अशी एक नोंद मात्र आहे.

पुढील काळाकडे थोडक्यांत पाहूं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति आली आणि रस्त्यांत बंद न पडणारी गाडी असूं शकते, हें लोकांस प्रथमच कळलें. १९८५ सालीं वाळूज येथें बजाजचा कारखाना निघाला. त्याच्या आश्रयानें लहान लहान कारखाने वाढले व सुट्या भागांची बारीक कारागिरी या शहराच्या अंगवळणीं पडली. आणि २००१ च्या नोव्हेंबरांत शेंद्रे येथें श्कोडा या चेक कंपनीचें काम सुरू झालें. तेथून प्रथम बाहेर पडलेली ऑक्टाव्हिया ही मध्यम आकाराची कुटुंबाची गाडी, म्हणजे वडिलांच्या फियाटीची या युगांतली वारसच. जें शहर एकेकाळीं मनमाडकडे डोळे लावून सुट्या भागाची वाट पाही, तेथेंच आतां युरोपच्या तोडीच्या गाड्या जुळूं लागल्या. शहराचा मोटारींचा हौसहि तसाच वाढला; २०१० च्या ऑक्टोबरांत येथील मंडळींनीं एकाच दिवशीं दीडशे मर्सिडीज घेतल्याची वार्ता देशभर गाजली.

परंतु या नव्या गाडीचें बॉनेट उघडावें तर आंत काळ्या प्लास्टिकचें एक झांकण दिसतें, व मालकाची विद्या तेथेंच संपते. इंधनाचें माप आतां जेट ठरवीत नाहीं. निरनिराळे संवेदक हवेचें, उष्णतेचें व धुरांतील प्राणवायूचें मान एका यंत्रास कळवितात आणि तें यंत्र क्षणोक्षणीं हिशेब करतें. यांत लाभच आहे. धूर घटला, इंधन वांचलें. कांहीं बिघडल्यास समोर पिवळा दिवा लागतो आणि यंत्राच्या स्मरणांत एक संकेत उमटतो. अमेरिकेंत ही पद्धति १९९६ पासून सर्व नव्या गाड्यांस सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. 'पी ०३००' म्हणजे वहींतलें 'मिसिंग करते' हेंच होय. भेद एवढाच, कीं पूर्वींचें दुखणें मालकाच्या कानास ऐकूं येई आणि आतांचें वाचण्यास उपकरण लागतें. उपकरण कोणाजवळ असावें, येथें ज्ञानाचा प्रश्न मालकीचा होतो.

हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून चौकशी होऊन २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीच्या माहितीचीं पुस्तकें आणि बिघाड शोधण्याचीं उपकरणें स्वतंत्र कारागिरांस मिळूं न देणें हा आयोगाच्या मतें दोष होता. त्या यादींत देशी-परदेशी बहुतेक मोठीं नांवें होतीं, शेंद्र्याचें होतें, आणि अँबॅसडर बनविणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सचेंहि होतें, हें वाचून आम्हांस मौज वाटली. पुढें अपिलें झालीं. २०१६ सालीं अपील न्यायाधिकरणानें तीन कंपन्यांविषयींचा निष्कर्ष कायम ठेवून दंड मात्र कमी केला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें याच विषयावर २०१२ सालीं कायदा केला. आपल्याकडे ग्राहक-खात्यानें २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या माहितीचें एक संकेतस्थळ उघडलें. कंपन्यांचें म्हणणेंहि ऐकण्यासारखें आहे: अर्धवट माणसानें ब्रेकच्या यंत्रणेस हात लावला तर जीव जातो. तें खरें, परंतु औट्रम घाटांतला टॉवेल धोक्याचा होता, असें कोणी म्हणणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आमच्याच गाडींत तो पिवळा दिवा लागला. गाडी कोणाची व दुरुस्तीगृह कोणतें, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें संकेत निघाला 'पी ०१७१', म्हणजे हवेच्या मानानें इंधन कमी पडतें. आणि संवेदक बदलावा लागेल म्हणून अठरा हजारांचा अंदाज हातीं ठेवला गेला. संकेतानें लक्षण सांगितलें होतें. कारण कोणी शोधलें नव्हतें. आम्हीं गाडी घरीं आणिली व एका जुन्या उस्तादास बोलाविलें. त्यांच्याजवळ वाचण्याचें लहान उपकरण होतें, पण तें त्यांनीं खिशांतच ठेविलें. इंजिन चालू करून ते कान देऊन उभे राहिले, मग हवेच्या एका रबरी नळीवर बोट फिरवून म्हणाले, 'प्रोफेसर साब, ये फूँक मार रही है.' नळीस मागच्या बाजूनें चीर गेली होती. तिच्यांतून बाहेरची हवा मोजल्यावांचून आंत शिरत होती, आणि संवेदक बिचारा खरेंच बोलत होता. नवी नळी तीनशें ऐशीं रुपयांस मिळाली. उस्तादांनीं मजुरीचे दोनशें घेतले. त्यांचा नातू शेजारीं उभा राहून बॅटरी दाखवीत होता. तो आमच्याच कॉलेजांत बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षास आहे असें कळलें.

वडिलांच्या वहीचीं शेवटचीं अकरा पानें कोरीं होतीं. त्यांतल्या पहिल्या पानावर आम्हीं तारीख घातली, संकेत, नळी व मजुरी लिहिली, आणि या वेळीं उस्तादांचें नांवहि लिहिलें.